दोनदा सांगणारा इनास

इनास गेल्याचं त्याच्या बायकोने, मारीने, मला फोनवर सांगितलं. मी “बरं” म्हणाले आणि दुकानात गिऱ्हाईक आहे असं सांगून फोन ठेवला. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. दफनाला मी गेले नाही. माझा त्याच्यावर राग होता, अजून आहे, आणि तो मेला म्हणून मी तो सोडलेला नाही. पण ज्याच्यावर राग आहे त्याच्याबद्दल खोटं लिहायचं नाही, एवढं मी पाळणार आहे.

इनास वायरमन होता. जन्म टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर तो वसई-नालासोपाऱ्यात घरोघरी केबल, कॅमेरे आणि इंटरनेटची कामं करू लागला. वसईच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला ख्रिस्ती माणूस. बुटका, रापलेला, मनगटं जाडजूड. दारात चपला काढायचा आणि घरभर अनवाणी हिंडायचा. चहा घ्यायचा नाही. काम संपल्यावर फक्त पाणी मागायचा, तेही उभ्याने. वायरींचा जुडगा बांधायला बाकीचे लोक प्लास्टिकच्या पट्ट्या वापरतात. हा जाळं दुरुस्त करायचा नायलॉनचा दोरा वापरायचा आणि कोळ्यांची गाठ मारायचा. मी एकदा म्हटलं, “इनास, हे काय मासेमारीचं सामान माझ्या भिंतीवर?”

“समुद्रात टिकतो हा दोरा,” तो म्हणाला. “तुझ्या भिंतीवर नाय टिकनार?”

त्याच्या हाताखाली माणूस नव्हता. मारी होती. पाईपातून वायर ओढायची तर एका टोकाला हा आणि दुसऱ्या टोकाला मारी, पदर खोचून, स्टुलावर बसलेली. हा इकडून ओरडायचा “सोड!”, ती तिकडून “ओढ!”, आणि मधल्या भिंतीतून दोघांचं त्यांच्या घरच्या बोलीत भांडण चालायचं. मला त्यातलं निम्मं कळायचं. जेवढं कळायचं तेवढ्यात मारीच जिंकत असायची.

मी माणिकपूरला पडद्यांचं आणि चादरींचं दुकान चालवते. तुळिंजला एका खोलीत उशांचे अभ्रे शिवून विकण्यापासून सुरुवात केली, नवरा गेल्यावर. माझी मुलगी सायली तेव्हा बालवाडीत होती. मला कोणी काही दिलं नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून. घासाघिशीची एक रीत असते. समोरचा भाव सांगतो, मी निम्मा सांगते. तो कपाळाला हात लावतो, मी पाठ फिरवते. तो हाक मारतो. मग खरी बोलणी सुरू होतात. माझं पहिलं ‘नाही’ म्हणजे ‘या, बसा’ असतं, हे माणिकपूरच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे.

इनासला ठाऊक नव्हतं. दुकानात कॅमेरे बसवायला तो पहिल्यांदा आला. वायर उलगडून मोजमाप घेतलं आणि भाव सांगितला. मी निम्मा सांगितला. त्याने वायर गुंडाळायला घेतली. मारी स्टुलावरून उतरली.

“अहो, निघालात कुठे?”

“तू नाय बोललीस ना?”

“बोलणी चालली आहेत आपली!”

“माझी झाली,” तो म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावली.

मी त्याला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा हाक मी मारली, समोरच्याने नाही. शेजारच्या भांडीवाल्याने ते पाहिलं आणि आठवडाभर मला त्यावरून चिडवलं. मी मारीला म्हटलं, “हा माणूस धंदा तरी कसा करतो?”

“धंदा नाय करत, बाय. तो काम करतो,” मारी म्हणाली. “धंदा मी करते.” आणि इनासच्या पाठीमागे तिने भाव थोडा कमी करून दिला.

इनासची आणखी एक खोड. कुठलीही गोष्ट तो दोनदा सांगायचा. त्याच शब्दांत, त्याच आवाजात. ऐकलं तर ठीक. नाही तर तिसऱ्यांदा सांगायचा नाही, मग भिंत कोसळो. मी कारण विचारलं होतं. तो म्हणाला, “नोकरीत होतो तवा सायबाला दोनदा सांगायचो, खांब सडलाय. तिसऱ्यांदा सांगितलं की सायब बोलतो, डोकं खातो. मग मी दोनवर थांबायला शिकलो.”

“आणि खांब?”

“पडला.”

लोक म्हणायचे इनास वायरवेडा आहे, वाय-फायचं नाव काढलं तरी चिडतो. ते खरं नाही. माझ्याच ओळखीची एक म्हातारी बाई, दुकानाच्या मागच्या गल्लीतली. नातू कॅनडाला. सगळ्या शेजारणींनी घरात वायर टाकून घेतली म्हणून तिलाही हवी होती. इनास गेला आणि बघतो तर तिचा इंटरनेटचा डबा लोखंडी कपाटाच्या मागे, वर धूळ बसू नये म्हणून स्टीलचं ताट झाकलेलं. त्याने डबा काढून ओल्तारासमोरच्या, म्हणजे तिच्या देव्हाऱ्यासमोरच्या, टेबलावर ठेवला, येशूच्या तसबिरीशेजारी, आणि निघाला. म्हातारी म्हणाली, “आन वायर?”

“तुला नातवाचं तोंड बघायचंय. त्याला हवा पुरते. वायर त्याला, ज्याचं पोट तिच्यावर हाय.” काही घेतलं नाही. मला मारीने हे सांगितलं ते कौतुकाने नव्हे, संतापाने.

आणि वाय-फाय कुठवर पोचतं हे मोजायची त्याची रीत मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. मारीला डब्याशेजारी बसवायचा. तिच्या मोबाईलवरून त्याच्या मोबाईलवर इंटरनेटचा कॉल लावायचा. ती तिकडे ‘नमो मरिये’ म्हणायला लागायची, एकामागून एक, न थांबता, आणि हा मोबाईल कानाला लावून घरभर अनवाणी चालायचा. प्रार्थना दोघांना तोंडपाठ. त्यामुळे मधला एक शब्द जरी गळला तरी ह्याला लगेच कळायचं. जिथे शब्द गळला तिथे भिंतीवर पेन्सिलीने बारीकसा क्रूस काढायचा. मोबाईलवर आकडे दाखवणारी ॲप्स असतात, सायलीने त्याला दाखवली होती. तो म्हणाला, “आकडा हाय म्हनतो, मानूस ऐकू येत नाय. कुनाचं खरं मानू?”

आता माझ्या घराचं सांगते, कारण माझा राग तिथला आहे.

एव्हरशाईन सिटीत मी तळमजला आणि वर दोन मजले असं रो-हाऊस घेतलं. दोघींसाठी. तळमजला माझा, सगळ्यात वरचा मजला सायलीचा. ती एका परदेशी विमा कंपनीसाठी काम करायची, दिवसभर तिकडच्या ग्राहकांचे फोन घ्यायचे. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला. घरून काम करायची परवानगी होती, पण अट घालून: कामाच्या वेळात लाइन तीनदा तुटली तर परवानगी रद्द, ऑफिसला हजर व्हायचं. सायली गेली तर तीन मजल्यांत मी एकटी. मी हे घर एकटीने राहायला घेतलं नव्हतं.

इंटरनेट तळमजल्यावर येतं. आधी साधं वाय-फाय होतं. वरच्या खोलीत आवाज फाटायचा. जिन्यात रेंज वाढवणारा एक डबा लावला. तरी पंधरा दिवसांत लाइन दोनदा तुटली. उरली एक. मी इनासला बोलावलं.

मारी खाली बसून प्रार्थना म्हणत राहिली, हा मोबाईल कानाला लावून जिना चढला. पहिल्या वळणावर एक क्रूस, दुसऱ्या मजल्याच्या दारात तीन, सायलीच्या टेबलाशी पोचला तेव्हा क्रूस काढणं सोडून त्याने पेन्सिल खिशात टाकली. “इथं नुसता आमेन येतो,” तो म्हणाला. सायली हसली. मला हसू आलं नाही.

“वायर टाकायला पायजे,” इनास म्हणाला. “जिन्याच्या भिंतीतून. दोन मजल्यांना दोन भोकं, बोटाएवढी.”

ती भिंत मी नुकतीच दगडाने मढवून घेतली होती. राजस्थानचा दगड, एकेक तुकडा निवडून, लादीवाल्याशी तीन दिवस भांडून आणलेला. घरात येणारं माणूस आधी ती भिंत बघायचं. मी म्हटलं, भोक पाडायचं नाही.

“मग बाहेरून नेतो. पाईप घालून.”

“समोरून पाईप? माझ्या घराला काय चाळ करायचीय?”

सायली म्हणाली, “आई, राहू दे ना, मी बघते काहीतरी.” तिचं ते ‘राहू दे’ मला तेव्हा नुसता समजूतदारपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी मी माणिकपूरच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने मला दोन पांढरे ठोकळे दाखवले. एक खालच्या प्लगात लावायचा, एक वरच्या. घरातल्या लाइटीच्या वायरीतूनच इंटरनेट वर जातं. भिंत फोडायची नाही, पाईप लावायचा नाही. मी मनासारख्या भावात घेतले आणि इनासला लावायला बोलावलं. त्याने ठोकळा हातात घेऊन उलटा-सुलटा केला.

“भाताच्या टोपात चहा, बाय. होतो. पन वास राहतो.”

“लावायचा आहे की नाही?”

लावला. आधी चालला नाही. इनास मीटरच्या बोर्डापाशी गेला. आमच्याकडे विजेचे तीन फेज येतात आणि प्रत्येक मजल्याला एकेक खटका आहे, त्या मजल्याला कोणता फेज द्यायचा तो ठरवायला. वसईत एक फेज पडतो, दुसरा चालू असतो, हे रोजचंच. इनासने वरच्या मजल्याचा खटका फिरवून खालच्या मजल्याच्या फेजवर आणला आणि मारीने वरून ओरडून सांगितलं की चालू झालं. सायलीने तासभर फोन घेतले. एकदाही आवाज फाटला नाही.

मी जिंकले होते, आणि मला ते लपवता येत नाही. मी म्हटलं, “काय इनास, तुमच्या वायरीशिवाय झालं की!”

“आज झालं.”

“आज, उद्या, परवा. मान्य करा ना.”

“तिचं काम वायरीचं हाय, बाय,” तो म्हणाला आणि सायलीकडे वळला. “पोरी, तू सांग आईला. दोन भोकांनी घर पडत नाय.”

त्याने माझ्या मुलीला मध्ये घेतलं, तिथे माझं डोकं फिरलं. मी खूप बोलले. माझ्या घरात मला शिकवू नका, माझ्या पोरीच्या कानाशी लागू नका, काम आणायला भिंती फोडत सुटता, असं सगळं. शेवटचं खोटं होतं आणि ते मला बोलतानाही माहीत होतं. इनासने पिशवी भरली. मारी माझ्याकडे न बघता बाहेर पडली.

फाटकाशी तो थांबला. “बाय, त्या खटक्याचं सांगायचंय.”

“मला तुमचं काही ऐकायचं नाही.”

“त्या खटक्याचं सांगायचंय,” तो पुन्हा म्हणाला. त्याच आवाजात.

“निघा म्हटलं ना!”

तो निघाला.

सात आठवडे ते ठोकळे बिनबोभाट चालले. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. मग एका दुपारी मी दुकानातून जेवायला घरी आले, तर खालचे दिवे पिवळे, पंखा रेंगाळतोय आणि फ्रीज कण्हतोय. फेज कमजोर झाला होता. तुळिंजच्या चाळीत असं झालं की मीटरच्या खोलीकडे पहिली धावायची मी. फ्यूज काढायचा, दुसऱ्या फेजवर टाकायचा, आणि अख्ख्या मजल्याच्या बायका मला दुवा द्यायच्या. हात आपोआप जातो. मी बोर्डापाशी गेले आणि तळमजल्याचा खटका फिरवला. पंखा भरारला. मी समाधानाने त्याच्याखाली जेवायला बसले.

वर सायली एका ग्राहकाशी बोलत होती. तिचा मजला जुन्या फेजवर, माझा नव्या. दोन्ही ठोकळे एकाच फेजवर असले तरच चालतात; त्यांचा एकमेकांशी संबंध सुटला. ती कमजोर वीजही त्या ठोकळ्यांना पुरत होती; मी हात लावला नसता तर कॉल पुरा झाला असता. हे मला नंतर दुसऱ्या एका वायरमनने समजावलं, तेही हसत हसत. सायली खाली आली तेव्हा मी ताक पीत होते. ती म्हणाली, “तिसरी, आई.” एवढंच. रडली नाही. मला तेव्हा वाटलं, धक्का बसलाय.

पंधरा दिवसांत ती बंगळुरूला गेली.

मी इनासवर का चिडले ते आता सांगता येईल. ज्याला माहीत असतं त्याने ओरडावं. फाटक अडवून उभं राहावं. मी हाकलते, सगळ्यांनाच हाकलते, आणि सगळे परत येतात. मी ऐकते शेवटी. कापडवाले, लादीवाले, बँकेचे लोक, कुणाला विचारा. ह्याने मात्र दोनदा तोंड उघडलं आणि आपला नियम पाळून चालता झाला. त्याच्या नियमापायी माझं घर रिकामं झालं. मला तो साधेपणा वाटत नाही. ती मग्रुरी होती. गरीब माणसाची असली तरी मग्रुरीच.

हे त्याला तोंडावर सांगायला मी एका रविवारी रिक्षा करून त्याच्या घरी गेले. चर्चमधली मिस्सा आटोपून तो अंगणात बसला होता, वाळत टाकलेल्या बोंबलांच्या सावलीत. तब्येत उतरलेली. मारीने खुर्ची दिली आणि आत गेली. मी बसले नाही. जे बोलायचं ते सगळं उभ्याने बोलले, शेजारची दोन दारं उघडेपर्यंत. मी दमले तेव्हा तो म्हणाला, “तिसऱ्यांदा सांगायला पायजे होतं.”

भांडायला गेलेल्या माणसाला यापेक्षा वाईट काही मिळू शकत नाही. मी म्हटलं, “मग उद्या या. भिंत फोडा. दोन नाही, चार भोकं पाडा. वायर टाका. ती परत आली की तिला बोलायला जागा राहणार नाही.”

“पोरगी येनार हाय?”

“नेट नीट झालं तर का नाही येणार?”

“इचार तिला. येनार असंल तर मी उद्या सकाळी हजर.”

मी तिथेच फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. त्याने ऐकावं म्हणून. मी सायलीला सांगितलं की इनासकाका वायर टाकतायत, जिन्याची भिंत फोडून, आता लाइन तुटायचा प्रश्नच नाही, कंपनीला अर्ज कर.

ती म्हणाली, “आई, वायरीचं सोड. त्या दिवशी लाइन तुटली नसती तरी मी आलेच असते इकडे. मी आधीच विचारून ठेवलं होतं ऑफिसात.”

“मला बोलली नाहीस कधी!”

“बोलले होते. दिवाळीत. नंतरही. मला जायचंय म्हटलं, तर तू हसलीस. तुला वाटलं मी भाव वाढवतेय.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “तू जेवलीस का?”

मी हो म्हटलं आणि फोन बंद केला. अंगणात माश्या घोंघावत होत्या. मारी दारात येऊन उभी होती, तिनेही ऐकलं होतं. मी इनासकडे बघितलं नाही. त्याच्याबद्दल जे जे बोलले होते ते सगळं दोन्ही शेजाऱ्यांनी ऐकलेलं, आणि आता हेही. त्याला एक शब्द बोलायचा होता फक्त. ‘बघ, उगाच माझ्यावर ढकलत होतीस.’ मी त्याच्या जागी असते तर सोडलं नसतं, अख्ख्या गल्लीला ऐकवलं असतं.

इनास खुर्चीचा हात धरून उठला. “पोरीचं काय मनावर घेतेस,” तो म्हणाला, मोठ्याने, शेजाऱ्यांना जाईल अशा आवाजात. “आईला बरं वाटावं म्हनून बोलते ती. वायर असती तर राहिली असती पोरगी. चूक माझी हाय.”

मारीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याने तिच्याकडे नुसतं बघितलं आणि ती आत गेली.

मी म्हटलं, “आहेच तुमची.”

हे मी म्हटलं. लिहिताना गाळणार होते, पण गाळत नाही. त्याने जे पुढे केलं ते मी घेतलं, आणि आभारही मानले नाहीत. आजही सायलीचा फोन आला नाही की मी इनासला शिव्या देते. तो राग खाली ठेवला तर तो कुणाच्या अंगावर येईल, ते मला पुरतं कळतं. म्हणून ठेवत नाही.

तो मला रिक्षापर्यंत सोडायला आला. गल्ली अरुंद, वाळू भाजलेली, हा अनवाणी. रिक्षा सुरू झाली तेव्हा मी मागे वळून बघितलं. शेजारची माणसं अजून दारांत होती आणि आमच्याकडेच बघत होती. इनास रस्त्याच्या मधोमध उभा होता, हात दोन्ही बाजूंना सोडून, मान खाली घालून, एखाद्या गुन्हा कबूल केलेल्या माणसासारखा. रिक्षा वळेपर्यंत त्याने मान वर केली नाही.